ज्ञानाचा दाखला कोण देणार?

१९४० साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने ‘गायकवाड ओरिएंटल सिरीज’मधला ८७ वा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथाचे नाव ‘तत्त्वोपप्लवसिंह’, कर्ता जयराशी भट्ट, काळ इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासचा. माणसाला खरोखर काय कळू शकते, या प्रश्नाला आपल्या परंपरेत जी उत्तरे दिली गेली, त्यांत इतके निर्भीड आणि इतके निर्दय उत्तर दुसरे मला माहीत नाही. काहीच कळू शकत नाही, असे जयराशी म्हणत नाही; तसे म्हटले तर तेच एक ज्ञान होऊन बसेल, आणि तेवढा कच्चा तो नाही. ‘मला कळले’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला तो थांबवतो आणि विचारतो, की हे कळणे खरे आहे हे तुला कशावरून कळले? नैयायिकाला विचारतो, मीमांसकाला विचारतो, बौद्धाला आणि सांख्याला विचारतो. ग्रंथ संपतो तेव्हा कोणाच्याच हाती धड उत्तर उरलेले नसते.

त्याची रीत समजून घ्यायची तर पहिलाच हल्ला पाहावा. न्यायदर्शनाने प्रत्यक्षाची जी व्याख्या केली, तिच्यात एक अट आहे: ते ज्ञान अव्यभिचारी हवे, म्हणजे वस्तूला सोडून भरकटलेले नको. अट रास्त आहे. वाळूवर तळपणाऱ्या उन्हात पाणी दिसते, तेही डोळ्यांनीच दिसते. त्याला वगळायला काहीतरी लागणारच. जयराशी म्हणतो, ठीक. पण आता तुमच्यासमोर पाणी दिसते आहे. हे दिसणे भरकटलेले नाही, हे कशावरून?

नैयायिकाने म्हणावे, की ज्या साधनांतून हे ज्ञान झाले ती निर्दोष आहेत, डोळे चांगले आहेत. पण डोळ्याचा निर्दोषपणा डोळ्याला दिसत नाही. तो अनुमानाने काढायचा, तर कशावरून? ज्ञान बरोबर आले यावरून. म्हणजे ज्ञान बरोबर, कारण डोळा चांगला. आणि डोळा चांगला, कारण ज्ञान बरोबर. मग नैयायिक दुसरा आधार घेतो: नंतर कधी हे ज्ञान खोटे ठरले नाही. ज्याला आपली परंपरा बाधक ज्ञान म्हणते, ते झाले नाही. यावर जयराशीचे उत्तर मला फार भेदक वाटते. मृगजळ पाहून जो माणूस त्या दिशेला गेलाच नाही, किंवा जाण्याआधी मेला, त्यालाही बाधक ज्ञान झाले नाही. मग त्याचे मृगजळ खरे पाणी झाले का? तुम्ही म्हणाल, कोणालाच, कधीच बाध झाला नाही, तर खरे. पण सगळ्यांना आणि सगळ्या काळांत काय झाले हे जाणायला सर्वज्ञ व्हावे लागेल, आणि सर्वज्ञाला तुमच्या व्याख्येची गरज नाही.

राहिला तिसरा मार्ग, व्यवहारी माणसाचा. मी गेलो, ओंजळ भरली, प्यालो, तहान भागली. याहून काय पुरावा हवा? जयराशी इथेही सोडत नाही. जे पाणी दुरून दिसले तेच मिळाले, की दुसरे? दरम्यान मासे हलले, म्हशी डुंबल्या, पाण्याचे अवयव विस्कटले. दिसलेले पाणी तुम्ही पोचेपर्यंत राहिलेच नाही. आणि दुसरेच पाणी मिळाले तरी चालते म्हणाल, तर मिळाल्याने पहिल्या दिसण्याचा खरेपणा सिद्ध कसा होतो? म्हशींचा हा दाखला वाचून हसू येते, पण त्यामागची विचारणा पोरकट नाही. कृती यशस्वी झाली म्हणून तिच्यामागची समजूत खरी, हा तर्क आपण रोज करतो. चुकीच्या समजुतीवर चालूनही माणसे मुक्कामी पोचतात, हे वैद्यकाच्या इतिहासातून आणि शेअर बाजारातून कोणालाही दाखवता येईल.

पुढे तो अनुमानाकडे वळतो. आजवरचा सारा धूर अग्नीसह होता हे मान्य केले, तरी न पाहिलेल्या धुराबद्दल काय, हा प्रश्न युरोपीय तत्त्वज्ञ ह्यूमच्या कितीतरी शतके आधी आपल्याकडे लोकायतांनी, म्हणजे चार्वाकांनी विचारला होता. पण सर्वसाधारण चार्वाक प्रत्यक्षावर तरी विसंबत असे. जयराशी तेही काढून घेतो. म्हणून त्याला चार्वाक म्हणावे की निखळ संशयवादी, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पुण्याचे प्रदीप गोखले यांनी लोकायताच्या वेगवेगळ्या छटा उलगडताना या प्रश्नाची नीट चिकित्सा केली आहे. जगायचे कसे, याला मात्र जयराशीचे उत्तर साधे आहे: लोक चालतात त्या वाटेने चालावे. फार खोलात न शिरता गोड वाटणारे व्यवहार तसेच चालू राहू द्यावेत. तत्त्वांचे बुरूज ढासळले तरी भाकरी भाजायची थांबत नाही.

युरोपात अशाच एका संशयवादी ग्रंथाचे पुनरागमन झाले तेव्हा काय घडले, हे आठवावेसे वाटते. सेक्स्टस एंपिरिकस या ग्रीक संशयवाद्याचा ग्रंथ हेन्री एतिएनने १५६२ मध्ये लॅटिनमध्ये छापला. काही वर्षांतच माँतेन त्या विचाराने झपाटला, आणि १६४१ साली देकार्तने आपली चिंतने प्रसिद्ध केली ती त्या संशयाला पुरून उरेल असे काही सापडते का हे पाहण्यासाठी. आधुनिक युरोपीय तत्त्वज्ञानाचा मोठा भाग त्या एका पुस्तकाला दिलेले उत्तर आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. १९४० मध्ये बडोद्यात छापलेल्या जयराशीने आपल्या वैचारिक जीवनात असे काही केले नाही. तो पंडितांच्या टिपांत राहिला. चार्वाकाबद्दल मराठीत बरेच लिहिले गेले, पण ते प्रामुख्याने त्याच्या इहवादासाठी, यज्ञावरच्या आणि परलोकावरच्या टीकेसाठी. ज्ञानाच्या दाखल्याचा प्रश्न मागेच पडला. हे नुकसान मोठे आहे, कारण आज हा प्रश्न पंडितांचा राहिलेला नाही. यंत्राने बनवलेली चित्रफीत खऱ्या चित्रफितीपासून डोळ्यांना ओळखू येत नाही, तेव्हा ‘मी स्वतः पाहिले’ या वाक्याची किंमत काय, हे घराघरात विचारले जात आहे. डोळ्याचा निर्दोषपणा डोळ्याला दिसत नाही, हे वाक्य आता कोणत्याही न्यायाधीशाला आणि कोणत्याही आजीला लागू पडते.

माझे मत असे, की जयराशीचा नकार बरोबर आहे आणि त्याची मागणी चुकीची आहे. कोणतेही ज्ञान जन्मतः आपला दाखला घेऊन येत नाही, हे त्याने कायमचे दाखवून दिले. त्यावर आजवर कोणी मात केल्याचे मला दिसत नाही. पण दाखला हाती आल्याशिवाय ज्ञानाला ज्ञान म्हणायचे नाही, ही अट कोणी घातली? ती नैयायिकाच्या व्याख्येत होती आणि जयराशीने ती त्याच्याच गळ्यात बांधली. आपण ती स्वीकारलीच पाहिजे असे नाही.

मीमांसक कुमारिल भट्टाने वेगळा रस्ता धरला होता. ज्ञान झाले की ते खरेच धरावे. खोटे ठरवण्याची जबाबदारी पुढच्या ज्ञानाची. एक तर त्याला बाधणारे ज्ञान यावे, नाही तर ते ज्या कारणातून आले त्यातला दोष उघड व्हावा. तोवर ते खरे. हे ऐकायला भाबडे वाटते, पण संशयाच्या अनंत साखळीतून बाहेर पडण्याची हीच एक माणसाला झेपणारी वाट आहे. फक्त कुमारिलाने तिचा जो उपयोग केला तो मला मान्य नाही. वेदांना कर्ता नाही, म्हणून कर्त्याचा दोष नाही, म्हणून बाध संभवतच नाही, म्हणून ते निरपवाद प्रमाण, असे तो म्हणाला. इथे त्याची चांगली कल्पना त्याच्याच हातून निसटली. ज्याला बाध येणे शक्यच नाही अशी व्यवस्था करून ठेवली, ते खोटे ठरले नाही यात त्याचे काय कर्तृत्व? बाध न आल्याला किंमत तेव्हाच, जेव्हा बाधाला यायला वाट मोकळी होती. योगायोगाची गोष्ट म्हणजे कुमारिलाच्या या भूमिकेला सर्वांत विस्तृत उत्तर देणारा, बौद्ध आचार्य शांतरक्षिताचा ‘तत्त्वसंग्रह’ कमलशीलाच्या टीकेसह १९२६ मध्ये बडोद्याच्याच मालेत प्रथम छापला गेला. इतके परस्परविरोधी ग्रंथ एका मालेत यावेत, ही त्या मालेची खरी श्रीमंती.

दहाव्या शतकाच्या अखेरीस नैयायिक उदयनाचार्यांनी आणखी एक मुद्दा जोडला, तो टाळून पुढे जाता येत नाही. शंकेलाही मर्यादा आहे, आणि ती शंका घेणाऱ्याच्या वागण्यात सापडते. धूर अग्नीपासून होतो की नाही अशी शंका जो घेतो, तोच धूर हवा असला की विस्तव पेटवतो. त्याचे हात त्याच्या तोंडाला खोटे पाडतात. बाराव्या शतकात श्रीहर्षाने यावर उलटा वार केला: व्याघात, म्हणजे बोलण्या-वागण्यातला विरोध, होतो असे तुम्ही म्हणता, तिथे शंका आधीच उभी आहे, शंकेशिवाय व्याघात कसला? तर्काच्या पातळीवर श्रीहर्ष सरस ठरतो असे मला वाटते. पण उदयनाच्या बोलण्यातले एक सत्य शिल्लक राहते. शंका फुकट नसते. ती घेण्यासाठीही काही कारण असावे लागते, आणि कारण असेल तर ते दाखवता यायला हवे.

आता त्या ग्रंथाच्या पोथीकडे येतो, कारण ती आपल्यापर्यंत कशी आली याची हकिगत मला ग्रंथातल्या युक्तिवादांइतकीच बोलकी वाटते. ‘तत्त्वोपप्लवसिंहा’ची एकच ताडपत्राची पोथी मिळाली, तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमाराची. ती १९२६ साली पाटणच्या जैन भांडारात सापडली. पाटण तेव्हा बडोदे संस्थानात होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव यांच्या ग्रंथालयातले चिमणलाल दलाल यांनी त्याआधीच, १९१४ च्या सुमारास, तिथली भांडारे धुंडाळून कोणत्या दुर्मीळ पोथ्या कुठे आहेत याची नोंद सुरू केली होती. १९१८ मध्ये ते अकाली गेले आणि त्यांचे काम इतरांनी पुढे नेले. या शोधांमधून जे बाहेर आले त्यामुळे भारतीय तर्कशास्त्राचा इतिहास नव्याने लिहावा लागला.

जैन भांडारात हा ग्रंथ काय करत होता? जयराशीने जैनांच्या आत्मविचारावरही घाव घातला आहे. त्याच्या मतात मोक्षाला, कर्माला, शास्त्राला कुठेच जागा नाही. तरीही जैन साधूंनी आणि श्रावकांनी तो जपला. तोच प्रकार बौद्धांच्या ग्रंथांचा. नालंदा गेली, विक्रमशिला गेली, पण कितीतरी बौद्ध न्यायग्रंथ जैनांच्या पेट्यांत सुखरूप राहिले. जैन आचार्य प्रतिपक्षाचे खंडन करत, आणि खंडन करायचे तर प्रतिपक्ष त्याच्याच शब्दांत समोर हवा, ही त्यांची शिस्त होती. उलट चार्वाकांची स्वतःची सूत्रे पाहा: ती नाहीशी झाली, आणि आज ती आपल्याला विरोधकांनी दिलेल्या अवतरणांतूनच तुकड्या-तुकड्यांनी कळतात. विरोधकाने नीट उद्धृत केले असेल तेवढेच आपले ज्ञान. ज्याच्या विरोधकाने हयगय केली, त्याचे विचार जगातून गेले.

आणि हा ग्रंथ संपादित कोणी केला? पंडित सुखलालजी संघवी आणि रसिकलाल परीख या दोघांनी. सुखलालजींचा जन्म १८८० चा, सौराष्ट्रातला. सोळाव्या वर्षी देवीच्या आजारात त्यांची दृष्टी गेली. त्यानंतर काशीला आणि मिथिलेला जाऊन त्यांनी नव्यन्यायापर्यंतचे अध्ययन केले ते सगळे कानाने. कोणीतरी वाचायचे, त्यांनी ऐकायचे, मनात मांडायचे, आणि कुठे अक्षर चुकले असेल, कुठे ओळ गळली असेल ते अर्थावरून ताडायचे. प्रत्यक्षप्रमाणाच्या व्याख्यांची चिरफाड करणाऱ्या ग्रंथाचा हा संपादक एकही अक्षर डोळ्यांनी पाहू शकत नव्हता. त्यांना जे कळले ते दुसऱ्याच्या शब्दांतून. वाचणारा चुकू शकत होता, पोथीचा लेखक चुकलेला होताच, आणि ताडून पाहायला दुसरी पोथी नव्हती. तरी संपादन झाले, आणि जगभरचे अभ्यासक आजही त्यावर विसंबतात, जिथे पटत नाही तिथे पाठ सुधारतात.

ज्ञानशास्त्रातली एक जुनी सवय मला इथे मोडावीशी वाटते. आपण नेहमी एका एकट्या जाणणाऱ्याची कल्पना करतो: एक डोळा, एक वस्तू, एक क्षण. देकार्तही शेकोटीजवळ एकटा बसतो. जयराशीचे सारे प्रश्न अशा एकट्याला विचारलेले आहेत, आणि एकट्यापाशी त्यांना उत्तर नाही. पण माणसाला जे काही कळते त्यातले किती एकट्याला कळते? आपली जन्मतारीख सुद्धा आपण ऐकून जाणतो. शब्दप्रमाणाला स्वतंत्र स्थान देणारे नैयायिक या बाबतीत आजच्या पुष्कळ बुद्धिवाद्यांपेक्षा अधिक वास्तववादी होते. प्रश्न एवढाच उरतो, की पुष्कळांचे सांगणे केव्हा विश्वासार्ह ठरते.

याचे सर्वांत नेमके उत्तर मला कोणत्याही तत्त्वज्ञाच्या ग्रंथात सापडले नाही. ते रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीत सापडले. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९५१ मध्ये हे काम हाती घेतले. १९६० ते १९७५ या काळात सात कांडे प्रसिद्ध झाली. गो. ह. भट्ट यांनी बालकांडापासून सुरुवात केली, उमाकांत शहांनी उत्तरकांडाने शेवट केला. अयोध्याकांड आणि युद्धकांड ही दोन मोठी कांडे परशुराम लक्ष्मण वैद्यांनी संपादित केली, ज्यांचे नाव मराठी वाचकाला पुण्याच्या महाभारत आवृत्तीमुळेही ओळखीचे आहे. देशभरातल्या सुमारे दोन हजार पोथ्यांची माहिती जमवली गेली, त्यांतून निवडक पोथ्या ताडून पाहिल्या गेल्या. वाल्मीकींनी नेमके काय रचले हे आज कोणालाच कळणार नाही. मूळ प्रत नाही, ऐकणारे नाहीत. संपादकांनी तसा दावाही केला नाही. उपलब्ध साक्षींवरून जितके मागे जाता येईल तितके मागे जायचे, एवढेच त्यांनी ठरवले.

हे मागे जाणे मतदानाने होत नाही. शंभर पोथ्यांत एक श्लोक आहे आणि पाचांत नाही, म्हणून श्लोक मूळचा असे ठरत नाही. त्या शंभर पोथ्या एकाच पोथीवरून उतरवल्या असतील तर त्या शंभर मिळून साक्षीदार एकच. पण दूरच्या दोन प्रांतांतल्या, वेगळ्या लिप्यांतल्या, एकमेकींशी संबंध न आलेल्या दोन पोथ्या एकच पाठ देत असतील, तर त्या दोघींचे वजन शंभरांहून जास्त. साक्षी मोजायच्या नसतात, त्यांची वंशावळ पाहायची असते. व्हॉट्सॲपवर एकच मजकूर चाळीस जणांकडून आला की आपल्याला वाटते चाळीस जण सांगताहेत. वैद्य किंवा भट्ट यांनी तो एकाच पोथीच्या चाळीस नकला म्हणून बाजूला ठेवला असता. या पद्धतीने तपासल्यावर कोट्यवधी लोकांच्या मनात पक्की असलेली लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या पाठात नाही हे स्पष्ट होते. ती कथा खोटी ठरली असे नव्हे. ती नंतरच्या परंपरेची आहे, एवढे कळले. आणि हे कळणे ज्ञानच आहे.

या शास्त्रातली एक खूण मला फार मोलाची वाटते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची जी आवृत्ती काढली, तिच्यात प्रमुख संपादक सुकथनकरांनी जिथे पाठ पुरेसा निश्चित नाही तिथे शब्दांखाली नागमोडी रेघ दिली. त्या रेघेचा अर्थ असा, की हे आम्ही छापले आहे, पण इथे आमचा पाय डळमळीत आहे. खाली तळटीपांत सगळे पर्यायी पाठ, कोणत्या पोथीत काय आहे यासह. वाचकाने संपादकाशी असहमत व्हायचे ठरवले तर त्याला लागणारी सगळी सामग्री संपादकानेच पुरवलेली. बडोद्याच्या संपादकांपुढे हाच नमुना होता. ज्ञानाच्या दाखल्याबद्दल जयराशीने जी मागणी केली तिला हे उत्तर नाही, हे मला ठाऊक आहे. पण माणसाला मिळू शकेल असा हा सर्वांत प्रामाणिक दाखला आहे, आणि त्यावर ‘चूक असल्यास कुठे शोधावी’ हेही लिहिलेले आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि तो बडोद्यातूनच यावा हे साहजिक आहे. साक्षी, पोथ्या, तर्क हे सगळे बाहेरचे. जे आतून थेट कळते त्याला दाखला कशाला हवा? १९०७ च्या अखेरीस सुरत काँग्रेस उधळल्यानंतर अरविंद घोष बडोद्याला आले. तेरा वर्षे त्यांनी या संस्थानात नोकरी केली होती, शहर त्यांचे होते. खासेराव जाधवांच्या घरी त्यांची विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याशी गाठ पडली. सरदार मुजुमदारांच्या वाड्यातल्या एका खोलीत दोघे तीन दिवस ध्यानाला बसले. विचार बाहेरून येतात, त्यांना आत शिरण्याआधीच परतवा, असे लेल्यांनी सांगितले. तीन दिवसांत मन पूर्ण निःशब्द झाले, आणि जग एखाद्या पोकळ चित्रासारखे भासू लागले, असे अरविंदांनी पुढे नोंदवले आहे. याहून साक्षात, याहून निःसंशय अनुभव कोणता असणार?

मी या अनुभवाची थट्टा करणार नाही, आणि तो भ्रम होता असेही म्हणणार नाही. तसे म्हणायचा मला अधिकार नाही. पण पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. काही आठवड्यांनी कलकत्त्यात दोघांची भेट झाली. अरविंदांनी ठरावीक वेळेचे ध्यान सोडले होते, कारण आता ध्यान आपोआप अखंड चालते असे त्यांना जाणवत होते. लेले घाबरले, सैतानाने तुम्हाला पकडले आहे, असे त्यांनी सांगितले. अरविंदांनी आपल्या आतल्या आदेशावर विश्वास ठेवला. दोन माणसे, दोघांची आतली खात्री पक्की, आणि दोन्ही खात्र्या एकमेकींच्या विरुद्ध. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे जग मिथ्या असल्याचा तो अनुभव स्वतः अरविंदांनी पुढे अंतिम मानला नाही. नंतरच्या अनुभवांनी त्याला वेगळी जागा दिली, जग पुन्हा सत्य झाले, आणि त्यांचे सारे पुढचे तत्त्वज्ञान मायावादाच्या विरोधात उभे राहिले. म्हणजे आतल्या साक्षात्कारालाही बाधक ज्ञान आलेच, आणि ते येऊ देण्याइतके मन त्यांनी उघडे ठेवले. क्षणाची निःसंशयता हा खरेपणाचा पुरावा नव्हे, हे दाखवायला जयराशीला याहून मोठा साक्षीदार मिळाला नसता. फक्त मी त्यातून जयराशीचा निष्कर्ष काढत नाही. अरविंदांना पुढे जे कळले ते आधीच्या चुकीतून वाट काढत कळले.

इथे जयराशी पुन्हा विचारेल, आणि त्याने विचारावेच: बाधणारे ज्ञान खरे कशावरून? दुसऱ्या ज्ञानाने पहिल्याला खोडले, पण दुसऱ्याला दाखला कोणी दिला? कोणीच नाही. पुढे तिसरे येईल आणि कदाचित पहिल्याला पुन्हा उभे करेल. मला ही साखळी थांबवायची नाही. ती थांबवण्याचा जो जो प्रयत्न झाला, वेदाच्या अपौरुषेयत्वाने, ईश्वराच्या हमीने किंवा देकार्तच्या ‘मी’ने, तो तो साखळीची एक कडी झाकून ठेवण्याचा प्रयत्न होता. आपल्या हातात एवढेच आहे, की पुढची कडी येईल ती वाट कोणी बुजवू नये.

आणि ती वाट बुजवली जाते. ती तर्काने क्वचित बुजते. बहुतेक वेळा माणसांच्या उतरंडीने बुजते. दुसऱ्याच्या सांगण्यावर आपण किती विसंबतो ते आधी पाहू. विश्वामित्री नदीचा पूर बडोद्याला नवा नाही. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये नदीची पातळी, जिची धोक्याची खूण २६ फुटांवर आहे, ३५ फुटांच्या वर गेली. त्या रात्री आपल्या घरात पाणी शिरेल की नाही हे घरात बसून कोणालाच प्रत्यक्षाने कळत नव्हते. काळा घोडा पुलावरची पातळी किती, आजवा जलाशयातून किती पाणी सुटले, हे कोणीतरी मोजून सांगायचे आणि आपण त्यावर मुलाबाळांना घेऊन वरच्या मजल्यावर जायचे. नदीत मगरी आहेत हे सगळ्यांना माहीत असल्याने रस्त्यावर मगर आल्याचे प्रत्येक चित्र खरे वाटत होते, त्यांत खरी होती आणि जुनीही होती. त्या रात्री पोथ्यांची वंशावळ पाहण्याची सवय ज्याला होती, तो अधिक शहाणपणाने वागला असेल.

पण पुरापेक्षाही मला गंभीरा पूल जास्त अस्वस्थ करतो. बडोदे जिल्ह्यातल्या पादरा तालुक्याला आणंदशी जोडणारा, महिसागर नदीवरचा हा १९८५ चा पूल ९ जुलै २०२५ च्या सकाळी मधेच तुटला, वाहने नदीत कोसळली, किमान २० माणसे गेली. पूल हादरतो, तो धोक्याचा आहे, असे त्या भागातले लोक आधीपासून सांगत होते, हे दुर्घटनेनंतर वर्तमानपत्रांत आले. म्हणजे ज्ञान होते. ते रोज त्यावरून दुधाचे कॅन आणि भाजी घेऊन जाणाऱ्यांच्या शरीरात होते. कंप त्यांना चाकातून पायापर्यंत जाणवत होता, शेकडो वेगवेगळ्या, एकमेकांची नक्कल न करणाऱ्या साक्षीदारांना. पाठचिकित्सेच्या कसोटीवर याहून भक्कम साक्ष कोणती? पण कागदावर मोजमाप करणाऱ्याचे ज्ञान ते ज्ञान आणि टेम्पोवाल्याचे म्हणणे ती तक्रार, अशी विभागणी आधीच झालेली असली की बाधक ज्ञान दारापर्यंत येते आणि आवक-जावक नोंदवहीत एक क्रमांक घेऊन बसते.

माणसाला काय कळू शकते, हा प्रश्न आपण फार काळ इंद्रियांच्या आणि बुद्धीच्या मर्यादांचा प्रश्न म्हणून विचारला. त्या मर्यादा आहेत, आणि जयराशीने त्या कोणापेक्षाही स्पष्ट दाखवल्या. पण त्या मर्यादांच्या आतही जे सहज कळू शकले असते, ते कळले नाही असे आपल्याकडे वारंवार घडते, आणि त्याचे कारण डोळ्यांत नसते. पाटणच्या भांडारात शत्रूची पोथी ठेवायला एक फळी होती. पुलावरून रोज जाणाऱ्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत, तारखेसह, अभियंत्याच्या अहवालाला जोडण्याची, आणि अहवाल त्याच्याशी असहमत असेल तर का असहमत हे तिथेच लिहिण्याची सक्ती आज कोणत्या खात्यात आहे? जयराशीला उत्तर द्यायचे असेल तर मी तिथून सुरुवात करीन.